वादी आणि प्रतिवादी एकाच स्कूटरवर

आप्पा, जिंकलो हो आपण!

आज सकाळी साडेदहाला निकाल आला. मी ऑफिसातून कोर्टाला निघाले होते, काळा कोट एकाच हातात घातलेला, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेवाल्याचा फोन. "ताई, तुमचं इटलीचं कायतरी आलंय. लय पानं हे. प्रिंट मारू का?" मारू का म्हणजे काय! चार वर्षं ज्या कागदाची वाट बघितली तो आला आणि हा मला विचारतो. कोट तसाच एका खांद्यावर लटकत होता, मी धावत गेले. बावीस पानं, सगळी इटालियन, आणि वर तिथल्या आपल्या वकीलबाईंची इंग्रजीतली एकच ओळ: दावा मंजूर, पाओलो हाच तुमचा जन्मदाता असल्याचं कोर्टाने जाहीर केलं आहे. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या खुर्चीवर रेल्वेचं रिझर्व्हेशन बघणाऱ्या बाई उठून उभ्या राहिल्या.

मग मी स्कूटर काढली आणि सातपूरला, आपल्या घरी निघाले. तुम्हाला सांगायला. आयटीआयच्या सिग्नलला थांबले तेव्हा आठवलं, तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झालेत. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न मारायला लागले, एक रिक्षावाला काहीबाही बोलून गेला. मला पुढेही जाता येईना आणि मागेही. शेवटी गाडी बाजूला घेतली आणि तिथेच रडून घेतलं. मग पुन्हा निकाल आठवला आणि पुन्हा हसू फुटलं. दिवसभर हेच चाललंय, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगणार आहे. तुम्ही नाही का एकच गोष्ट तीन-तीनदा सांगायचात!

सुरुवात खिचडीपासून. मी लॉ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आईला जाऊन चार वर्षं झाली होती आणि स्वयंपाक तुम्ही तुमच्याकडे घेतला होता, कारण माझी खिचडी तुम्हाला 'मापात' वाटत नसे. टर्नर माणूस. इतकी वर्षं लेथवर उभं राहून मिठाची चिमूटसुद्धा डोळ्यांनी मोजायची सवय. मी ओट्याला टेकून मोठ्याने पाठ करत होते, की दत्तक घ्यायचं मूल पंधरा वर्षांच्या आतलं हवं, समाजात तशी रूढी असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही स्टोव्ह बंद केलात.

"पंधराच्या वर गेलं तर?"

"तर नाही घेता येत. रूढी सिद्ध केली तर येतं."

"आन देनारा कोन लागतो?"

"आईबाप. ज्याचं मूल त्याने स्वतः द्यायचं, दुसऱ्याने घ्यायचं. हातातून हातात. नुसता कागद केला म्हणून दत्तक होत नाही."

तुम्ही पातेल्यावर झाकण ठेवलंत, हात पुसलेत. मला वाटलं भाऊबंदकीतली कुणाची तरी भानगड असेल. तुम्ही तुमच्या अहिराणीत म्हणालात, "बस खाली बेटा. मी तुना बाप नई शे."

हे असं सांगतात का कुणी माणसाला? भुकेल्या पोटी?

आणि मग तुम्ही सगळं सांगितलंत, जसं काही एखाद्या मशीनचा इतिहास सांगताय. मी जन्मायच्या आदल्या वर्षी तुमच्या कारखान्यात इटलीहून मोठं मशीन आलं. ते बसवायला पाओलो नावाचा फिटर आला आणि आठ महिने राहिला. आई पॅकिंगला होती. तो परत गेला तेव्हा मी पोटात होते. आईने कळवलं, त्याची तीन पत्रं आली, मग यायची बंद झाली. तुम्ही शेजारच्या खोलीत राहणारे, नामपूरहून नोकरीसाठी आलेले, बिनलग्नाचे. आईला दवाखान्यात तुम्ही नेलंत. खिडकीतल्या कारकुनाने बापाचं नाव विचारलं आणि तुम्ही कुणालाही न विचारता स्वतःचं नाव सांगून टाकलंत. आई शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" तुम्ही म्हणालात, "कॉलम रिकामा व्हता." तीन महिन्यांनी नामपूरला जाऊन लग्न केलंत.

कॉलम रिकामा होता! या एका वाक्यावरून मी पुढे तुमची किती थट्टा केली. पण त्या दिवशी थट्टा सुचली नाही. मला माझे घारे डोळे आठवले. आमच्या खोल्यांच्या लाइनीतल्या बायका विचारायच्या, पोरगी कुणावर गेली हो, आणि तुम्ही छातीठोकपणे सांगायचात, "मनी माय घारी व्हती." अख्खी घारी आजी उभी केली होतीत तुम्ही! मी शाळेत तिच्यावर निबंध लिहिला होता. तुमच्यावर मी चिडले ते आधी त्या आजीपायी. माझी आजी गेली असं मला वाटलं.

"मग आत्ताच का सांगताय? मला नकोय दुसरा बाप," मी ओरडले.

"दुसरा नकोच. मलेच व्हायचंय. पन खरं."

"तुम्ही आहातच."

"तोंडी हाय. तोंड बंद पडलं का संपलं. उद्या कुनी म्हनलं का रेखाच्या पुढं निंबा हे नाव खोटं हाय, तर तू काय दाखवशील? मापात खोटं काम मी कंदी पुढं सोडलं नाय. हे एकच सोडलं."

इथून आपला वाद सुरू झाला आणि तो नऊ वर्षं चालला. माझं म्हणणं, एकवीस वर्षं ज्याने ताप आला की पट्ट्या ठेवल्या, त्याला कागद कशाला लागतो. तुमचं म्हणणं, कागद खोटा असला की पट्ट्यासुद्धा खोट्या ठरवणारा कुणीतरी निघतो. मी वकील झाले आणि तुमचं म्हणणं किती बरोबर आहे ते रोज कोर्टात बघायला लागले. तुम्हाला तसं कबूल मात्र कधी केलं नाही. आज करते.

तुमचा आराखडा ऐकून माझे सीनियर वकील चष्मा काढून तुमच्याकडे बघत राहिले होते. तुम्ही कारखान्याच्या ड्रॉइंगसारखा तो कागदावर काढून आणला होता. मला तुमच्या हातात द्यायचं तर देणारा हवा. आई नाही. बाप कोण ते कागदावर नाही, कारण तिथे तुम्हीच बसलेले. म्हणून आधी नाशिकच्या कोर्टात सिद्ध करायचं की निंबा सोनवणे हे बाप नाहीत. मग इटलीच्या कोर्टात सिद्ध करायचं की पाओलो बाप आहे. तिथला कायदाही नेमका तसाच निघाला. कागदावर एक बाप असेपर्यंत दुसऱ्यासाठी दावा करता येत नाही, आधी पहिला उतरवा. हे सगळं झालं की पाओलोने मला द्यायचं आणि तुम्ही घ्यायचं.

"जुनं बेअरिंग काढल्याबिगर नवं बसत नाय," तुम्ही म्हणालात.

"अहो, पण जुनं आणि नवं एकच आहे की!" सीनियर म्हणाले.

"व्हय. पन आता नीट बसंल."

सीनियरनी स्पष्ट सांगितलं की परदेशातला, परधर्माचा माणूस, त्याने दिलेलं दत्तक आपलं कोर्ट मानेल याची हमी नाही. रूढीही सिद्ध करावी लागेल. रूढी म्हटल्यावर तुमचे डोळे असे चमकले! पुढच्या रविवारी नामपूरच्या कांदा मार्केटात माल टाकून तीन म्हातारे थेट टेम्पोतून सीनियरच्या ऑफिसात हजर. एकाने सांगितलं की आमच्या भाऊबंदात दोन लेकरांच्या बापाला दत्तक घेतलंय. दुसरा म्हणाला, "घेनाराले गरज शे, वय काय पाहतस?" सीनियरना हसू आवरेना. टाइप करता करता मलाही.

आणि मग तो दिवस. दाव्यात वादी मी, प्रतिवादी तुम्ही. नियमाप्रमाणे आपण एकमेकांच्या विरोधात, आणि सातपूरहून सीबीएस स्टँडजवळच्या कोर्टात जायचो ते एकाच स्कूटरवर. पुढे प्रतिवादी, मागे वादी, मध्ये फाईल आणि डबा. बेलिफ समन्स बजावायला घरी आला तर दार वादीने उघडलं आणि प्रतिवादीने त्याला चहा पाजला. समन्सवर सही करण्याआधी तुम्ही ते भिंगातून दोनदा वाचलंत आणि आपल्या पत्त्यात पिनकोड चुकलाय हे दाखवलंत. तो बिचारा दुरुस्ती करून सही घेऊन गेला.

न्यायाधीशांना मात्र आपली गंमत वाटली नाही. "सोनवणे, मुलीचं सगळं म्हणणं तुम्हाला मान्य आहे?"

"सगळं."

"मग भांडण काय आहे?"

"भांडन नाय साहेब. दुरुस्ती हाय."

कोर्टात हशा झाला. साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. दोघांनी मिळून ठरवलं म्हणून बाप बदलता येत नाही, म्हणाले, आणि त्यांनी कागदपत्रं मागवली. तिथे तुमचीच करणी तुमच्या आड आली. रेशन कार्ड, शाळेचा दाखला, ईएसआयचं कार्ड, पोलिओच्या डोसाची नोंद, प्रत्येकाच्या फॉर्मवर तुमच्या ठळक, सरळ अक्षरात 'वडील: निंबा'. एकवीस वर्षांत एकही कॉलम तुम्ही रिकामा सोडला नव्हता. साहेब एकेक कागद उलटत म्हणाले, "हे सगळं बघितल्यावर तुम्ही बाप नाही असं मी कसं म्हणू?" तुम्ही कठड्याला धरून उभे होता. मला वाटलं, आता हा माणूस 'मग नका म्हणू' असं म्हणेल. मला ते हवंही होतं. तुम्ही म्हणालात, "साहेब, रक्त काढा."

रक्त काढलं. दोघांचं. दोन महिन्यांनी अहवाल आला की निंबा सोनवणे हे जन्मदाते असू शकत नाहीत. तुम्ही कोर्टाच्या पायरीवर माझी पाठ थोपटून ओरडलात, "पास झालो!" आणि येताना पेढे घेतलेत. सगळ्या लाइनीत वाटलेत. कुणी विचारलं कशाचे, तर म्हणालात, कागद खरा झाला. त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या शाळेच्या जुन्या वह्या काढून बसलात, कव्हरवरच्या नावांवरून बोट फिरवत. मी विचारलं काय बघताय. म्हणालात, अक्षर चांगलं होतं तुझं तेव्हा. मी हातातला पेढा पुन्हा पुड्यात ठेवला.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तुमचं इंजिन सुरू! इटली. त्या मशीनच्या ओव्हरहॉलला इटलीहून आलेल्या तरुण इंजिनिअरकडून तुम्ही आधीच पाओलोचं गाव काढून ठेवलं होतं. त्याचीच एक नात्यातली वकील होती, आणि तिथे ऐपत नसलेल्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो हेही त्यानेच सांगितलं. मग ते फॅक्स, ती भाषांतरं, शब्दकोश घेऊन जागवलेल्या त्या सुट्ट्या. वकीलबाईंनी कळवलं की बाप ठरवून मागायला मुलाला मुदतच नसते, तेव्हा तुम्ही मला तीनदा वाचायला लावलंत. "म्हनजे पोर म्हातारं झालं तरी मागू शकतं?" हो आप्पा. "आन बाप मेला तर?" तर त्याच्या वारसांवर दावा करता येतो. "काय कायदा हाय!" तुम्ही मांडीवर थाप मारलीत. सातपूरच्या चहाच्या टपरीवर इटलीच्या कुटुंब कायद्यावर भाषण देणारे तुम्ही एकटेच असाल.

सुरुवातीला तर दावा चालवायचा की नाही एवढ्यावरच सुनावणी. पुरावा काय, तर आईला आलेली पाओलोची ती तीन पत्रं, जी तुम्ही तिच्यामागे जपून ठेवली होती, आणि खंडेनवमीचा तो फोटो. मशीनला हार घातलेला, पाओलोच्या कपाळावर केवढा तरी टिळा, बाजूला आई, आणि नारळ फोडायला ओणवे झालेले तुम्ही. वकीलबाईंनी विचारलं, हे काय चाललंय? मी लिहिलं, मशीनची पूजा. त्यांनी उलट विचारलं, मशीन चालत नव्हतं का? त्यावर तुम्ही दोन दिवस हसत होता.

आणि पाओलोने रक्त द्यायला नकार दिला. तिथे कुणाला जबरदस्तीने सुई टोचता येत नाही, पण कारण नसताना नाही म्हटलं तर न्यायाधीश त्यातून काय समजायचं ते समजू शकतात. तो म्हणाला, मला त्या गावातलं काही आठवत नाही. तुम्ही असे भडकलात! "दोन थेंब मागितले व्हते. मी तर बाटलीभर दिलं असतं!" मी म्हटलं, आप्पा, तुमचं देऊन झालंय, आणि तुमच्या रक्तात काही निघालं नाही. तुम्ही माझ्याकडे रागाने बघितलंत आणि मग आपण दोघं पोट धरून हसलो. असं हसायला आता कुणी नाही. स्कूटरच्या मागच्या सीटवर फाईल बांधून नेते मी, एकटी.

आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते सांगते. मी सगळ्यांना म्हणायचे, आप्पांच्या हट्टापायी करतेय. तुम्हालाही तसंच भासवलं. खोटं होतं ते. मला पाओलो हवा होता. दत्तकासाठी नाही, नुसता बघायला. त्याची पत्रं मी तुम्ही कामावर गेल्यावर काढून वाचायचे. आरशात डोळे बघायचे आणि त्याचे कसे असतील ते ठरवायचे. तुम्ही स्वतःला पुसून टाकण्यासाठी धावपळ करत होता आणि मी आतल्या आत आनंदाने उड्या मारत होते. किती मोठा चोरटेपणा! तुम्ही नसता तर माझ्या हातात हा निकाल नसता, आणि हा निकाल हवा म्हणून मी तुम्हाला कठड्यात उभं राहू दिलं. आज बावीस पानं हातात आल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल? त्याचं नाव शोधलं. सापडलं, वाचलं, आणि मला काहीच झालं नाही. एखाद्या पक्षकाराचं नाव वाचावं तसं वाटलं. मग गाडी काढली ती सातपूरच्या दिशेने.

दवाखान्यातली ती दुपार मला लिहायची नव्हती, पण लिहिते. तुमच्या छातीत पाणी झालं होतं. रोज डोळे उघडले की एकच प्रश्न, "निकाल?" रोज मी म्हणायचे, येईल. त्या दुपारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, आता कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. बोलवायला कोण होतं? मी आत आले, स्टूल ओढलं आणि म्हटलं, "आप्पा, निकाल आला. जिंकलो."

तुमचे डोळे पूर्ण उघडले.

"आणि पाओलोने मान्य केलंय. मुलगी देतो म्हणाला. त्याला एवढ्या लांब येता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने द्यायचं काम माझ्याकडेच दिलंय."

असं कुठल्याही कायद्यात बसत नाही. वकील म्हणून सांगते, मूल स्वतःच स्वतःला देऊ शकत नाही, आणि तोंडी निरोपावर तर अजिबात नाही. तुम्हाला ते माझ्याइतकंच पाठ होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग आवाज नसलेल्या आवाजात विचारलंत, "साक्षीदार?"

मी इकडे तिकडे बघितलं. शेजारच्या खाटेवर पेठ तालुक्यातले एक बाबा होते, नाकात नळी, दिवसभर गप्प पडून असायचे. त्यांनी सलाईन लावलेला हात चादरीतून वर केला.

मी माझा हात तुमच्या हातात ठेवला आणि म्हटलं, "दिली." तुमची बोटं हळूहळू मिटली. "घेतली," तुम्ही म्हणालात. मग जरा दम खाऊन, त्या बाबांकडे तोंड वळवून, "पोर मनी शे."

आप्पा, समन्सवरचा पिनकोड तपासणारा माणूस तुम्ही. कुठलाही कागद दोनदा वाचल्याशिवाय तुम्ही कधी मानला नाहीत, आणि ह्या एका निकालासाठी नऊ वर्षं झिजलात. त्या दुपारी मी तासभर तुमच्याजवळ बसून होते. तुम्ही शुद्धीवर होता, भिंग उशाला होतं. निकाल दाखव, असं तुम्ही म्हणाला नाहीत.